अकरा गाठींची सुतळी

लोणावळा
६ जुलै २०२५

चि. चिंगीस,
कान्हूदादाचा आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली. वि. वि. की,

मी जिवंत आहे आणि लोणावळ्यात आहे. तुला वाटत असेल गोव्यात असेन. गोव्यात होतो, मग सुरतेला गेलतो, मग मनालीत एका हॉटेलात भांडी घासली. तितं इतकी थंडी की घासलेल्या टोपात पाणी राहिलं तर सकाळी त्याची काच व्हायची. एकदा तर त्या काचेत एक मुंगी... जाऊ दे, ते भेटल्यावर सांगेन. आता भुशी धरणाच्या रस्त्याला हनुमंत शेठचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे, तितं लागलोय. दीड महिना झाला. माझ्या मानानं हा संसारच म्हणायचा.

दुकानात दोन यंत्रं आहेत. एक कटर. त्याच्या तोंडात भाताच्या कुसाएवढं पातं असतं. कॉम्प्युटरवर आपण जे काढू ते हे पातं रबरासारख्या रंगीत कागदावर कापतं. त्या कागदाला व्हिनाईल म्हणतात. कापून झालं तरी काही दिसत नाही, कारण सगळं जागच्या जागी चिकटलेलं. मग मी आकड्यासारखी सुई घेऊन बसतो आणि अक्षराच्या भोवतीचं, अक्षराच्या पोटातलं नको तेवढं सोलून काढतो. शेठ त्याला काहीतरी इंग्रजी म्हणतो, मी बेणणी म्हणतो. अगदी भाताची बेणणी, रोप ठेवायचं आणि गवत उपटायचं, फक्त पाय चिखलात नसतात. दुसरं यंत्र हीट प्रेस. दोन तापलेल्या तव्यांची जोडी समज. खाली शर्ट, वर अक्षरं, दांडा ओढायचा, पंधरा आकडे मोजायचे, झालं.

अक्षरं उलटी कापायची असतात, आरशात दिसतात तशी, कारण कागद पालथा घालून दाबायचा असतो. पहिल्या दिवशी शेठनं मला हे नीट सांगितलं. नेमकं तेव्हाच समोर एक माकड एका बाईच्या हातातलं कणीस घेऊन पळालं आणि मी बघायला बाहेर गेलो. परत आलो ते अक्षरं सुलटीच कापली. पुण्याच्या सहा पोरांच्या छातीवर सगळं उलटं उमटलं. शेठ ओरडायला तोंड उघडतोय तोवर पोरंच खूश झाली, म्हणाली आता आमचं सेल्फीत सरळ येणार. शेठचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तुमच्या आश्रमशाळेत मोबाईल चालत नाही म्हणून हे पत्र. तसंही फोनवर मला काही सुचत नाही. आई रडते आणि आबा फोन हातातच घेत नाहीत.

अभ्यास कर. मी केला नाही, त्याचं काय झालं ते बघतेसच. माझ्यावरचा लोभ थोडाफार उरला असेल तर राहू दे, सांडू नकोस.

तुझा दादा,
कान्हू


आश्रमशाळा
१४ जुलै २०२५

ति. कान्हूदादास,
चिंगीचा शि. सा. नमस्कार, टपली परत. वि. वि.

तुझं पत्र आलं. निवृत्ती सरांनी पाकीट वर्गात आणून दिलं आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. हितं कुणाला पत्र येत नाही. माकडाची गोष्ट मी संगीता आणि अंबूला वाचून दाखवली, मग त्यांनी पुन्हा वाचायला लावली. आता तू आमच्या खोलीत प्रसिद्ध आहेस.

आता माझी बातमी. आमचा मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्याला जाणार आहे. संगीता कप्तान आहे, मी चढाईला. सर म्हणतात माझ्यासारखी चढाई करणारी मुलगी त्यांनी बारा वर्षांत पाहिली नाही. ते सरांनी म्हटलंय, मी नाही. पण आमच्याकडे शर्ट नाहीत. शाळेत मुलांचे जुने निळे आहेत, ते आम्हाला गुडघ्यापर्यंत येतात आणि काखेत उसवलेत. सर म्हणाले, तेच घालायचे, काय करणार. तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं की माझा दादा शर्ट छापतो, तो बारा शर्ट पाठवेल, निळे नकोत. सगळ्यांसमोर. सर म्हणाले, बघ हं चिंगे, मी निळे धुवायला टाकत नाही मग. मी म्हटलं नका टाकू.

तर आता तुझं काय ते सांग.

स्पर्धा १२ सप्टेंबरला आहे, वडगावला. लोणावळ्याहून वडगाव किती लांब ते सरांना विचारलं, म्हणाले लोकलनं अर्धापाऊण तास. दादा, तीन वर्षं झाली तू मला बघून. सहावीत होते. मागच्या दिवाळीला येतो म्हणालास, त्याच्या मागच्या दिवाळीलाही म्हणालास. शर्ट नाही आले तर मी मुलींचं ऐकून घेईन, मला येतं ऐकून घेता. पण तू ये. शर्ट आण किंवा नको आणूस, ये.

आईची तब्येत बरी आहे. तू कुठं आहेस हे मी तिला सुट्टीत सांगेन, म्हणजे आबांनाही आपोआप कळेल. ते तिकडे तोंड करून ऐकतात.

लोभ आहे, पण आता शर्तीवर आहे.

तुझी,
चिंगी


लोणावळा
२० जुलै २०२५

चि. चिंगी, चढाईवाली हिला,
दादाचे बारा आशीर्वाद, शर्टागणिक एक. वि. वि. की,

शर्ट झाले म्हणून समज. मी शेठला विचारलं. शेठ म्हणाला, कोण आहे? मी म्हटलं, बहीण. शेठ म्हणाला, तुला बहीण आहे? मग शेठची बायको, सारिका वहिनी, आतून बाहेर आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं. दोन महिन्यांत मी त्यांना मनाली, सुरत, गोवा सगळं सांगितलंय, तुझं सांगायचं राहूनच गेलं होतं. तर एका मॅरेथॉनवाल्यांनी मागवून मग नेलेच नाहीत असे लाल पॉलिस्टरचे कोरे शर्ट माळ्यावर पडलेत, लहान-मोठे सगळे. त्यातले बारा घे म्हणाला शेठ. यंत्र सकाळी, दुकान उघडायच्या आधी वापर, म्हणाला, आणि माकडं बघायला जाऊ नकोस.

लाल शर्टावर पांढरी अक्षरं. उठून दिसतील, पंचांना लांबून नाव वाचता येईल. पुढं शाळेचं नाव, मागं जिचं तिचं. मला माप पाठव मुलींचं. तुझं नको पाठवू. तुझं माप मला माहीत आहे. कातळावरनं उतरताना तुला खांद्यावर घेऊन किती वेळा आणलंय, तुझं वजन अजून खांद्याला आहे.

काल एक नवराबायको आले, त्यांना शर्टावर मांजर हवं होतं. त्यांचंच मांजर, फोनमध्ये फोटो. मांजराच्या मिशा कापायच्या म्हणजे काय ते तुला कळणार नाही. बेणताना मिशीच सुईला लागून निघते. तीन मांजरं बिनमिशांची झाली. चौथ्याला मी श्वास रोखून काढल्या. ती बाई रडली, कारण मांजर गेल्या महिन्यात मेलेलं. आपण नुसतं व्हिनाईल दाबतो आणि माणसं रडतात. मला हे काम आवडायला लागलंय, कुणाला सांगू नको.

१२ तारखेचं बघतो. जमवतो.

लोभाची शर्त मान्य.

तुझा,
कान्हूदादा


आश्रमशाळा
२ ऑगस्ट २०२५

ति. दादास,
संपूर्ण संघाचा एकत्र नमस्कार, जोरात. वि. वि.

सोबत सुतळी पाठवत आहे. आमच्याकडे टेप नाही. शिवणाच्या बाईंकडे होती, त्या सुट्टीला गेल्या आणि टेपही गेली. म्हणून आम्ही अशी युक्ती केली: या खांद्याच्या हाडापासून त्या खांद्याच्या हाडापर्यंत सुतळी धरायची आणि तिथं गाठ मारायची. सुतळीचं तेलकट टोक ते सुरुवात. पहिली गाठ अंबूची, ती सगळ्यांत बारीक. शेवटची संगीताची. मधली नावं क्रमानं मागच्या कागदावर आहेत. एकूण अकरा गाठी.

अकराच. माझी गाठ मारली नाही. संगीता म्हणाली, मार की गं, तुझीपण मार. मी म्हटलं, दादाला माहीत आहे. बघू.

अंबूला मागं नाव नको आहे. ती लाजते. तिला कोंबडा हवाय. सर म्हणाले कबड्डीच्या शर्टावर कोंबडा कोण लावतं, तर ती गप्प झाली आणि दोन दिवस गप्पच आहे. तेव्हा कोंबडा लाव. तुरा मोठा काढ.

आमचा सराव पहाटे असतो, कधी दुपारीही. मैदानात चिखल आहे, त्यामुळे पकडीत कुणी सापडत नाही, सगळ्याच निसटतात. सर म्हणतात वडगावला मॅट आहे, तिथं चिखल भेटणार नाही, सवय लावून घेऊ नका. मी चढाईला गेले की समोर वडगावचे लोक बसलेत असं धरते आणि त्यात तू कुठं बसला असशील ते ठरवते. कधी डावीकडे बसवते, कधी उजवीकडे.

तुझ्या कामाचा लोभ आम्हा बाराजणींना आहे, तुझा तुझ्याजवळ किती आहे ते कळव.

तुझी,
चिंगी


लोणावळा
२१ ऑगस्ट २०२५

चि. चिंगीस,
आशीर्वाद. वि. वि. की,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. घाण झाली सगळी.

तुझी सुतळी मी शर्टांवर ठेवून एकेक शर्ट निवडला, अकराही गाठी जुळल्या. मग अक्षरं कापली, बेणली, एक टिंबसुद्धा सांडलं नाही. अंबूचा कोंबडा असा आला की सारिका वहिनी म्हणाल्या आता आरवेल. सात शर्ट दाबून झाले. पांढरी शुभ्र अक्षरं, दुधासारखी. घड्या घातल्या, पिशवीत भरले, पिशवी वर पत्र्याजवळ ठेवली. मग गणपतीच्या मंडळांची कामं आली, चार दिवस मान वर करायला सवड नव्हती.

परवा पिशवी उघडली. सातही शर्टांवरची अक्षरं गुलाबी झाली होती. चिंगे, गुलाबी! मला वाटलं कुणी बदलले. शेठला दाखवले तर शेठ खाली बसून हसायला लागला. म्हणाला, पॉलिस्टरचा लाल आहे हा, जास्त ताप दिला की कपड्याचा रंग सुटून वर चढतो आणि पांढऱ्यात शिरतो, लगेच नाही, सावकाश, दोन-चार दिवसांनी. म्हणाला, ताप कमी ठेवायचा आणि खाली राखाडी थर असलेलं वेगळं व्हिनाईल घ्यायचं, हे मी तुला सांगितलं होतं. सांगितलं असेल. तेव्हा बाहेर काय चाललं होतं मला आठवत नाही. काहीतरी चाललं असणार.

ते वेगळं व्हिनाईल आता गणपती झाल्यावरच येणार, आणि आलं तरी या सातांवरचं निघत नाही, निघालं तर कापड फाटतं. तेव्हा सरांना सांग निळे धुवायला टाका. माझं नाव घेऊन सांग, तुझी चूक नव्हती म्हणून सांग.

दत्ता भेटला. तोच, गोव्याला माझ्याबरोबर होता तो. त्याला टेम्पो मिळालाय, ३१ तारखेला रविवारी गोव्याला चाललाय, चल म्हणतो, तितं हंगाम लागतोय. मी हो म्हणालोय. हितं आता तोंड दाखवायला जागा नाही आणि वडगावला तर नाहीच नाही. तू डावीकडे-उजवीकडे बसवू नको मला.

लोभाचं मी काय बोलू.

कान्हू


आश्रमशाळा
२६ ऑगस्ट २०२५

दादा,
नमस्कार वगैरे शेवटी करीन.

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवणार नव्हते. संगीता म्हणाली, गुलाबी म्हणजे कसलं गुलाबी? डाळिंबासारखं की टिकलीसारखं? मी म्हटलं मला काय माहीत. मग अंबू, जी बोलत नाही ती अंबू, म्हणाली, कोंबडा गुलाबी झाला? आणि इतकी हसली की पलंगावरून पडली. तिला तसाच हवाय. सगळ्यांना तसेच हवेत. लालावर गुलाबी. पांढरं आम्ही मागितलं कधी? तू ठरवलंस पांढरं, तुला वाटलं ते दिसायला चांगलं, आणि ते बिघडलं म्हणून तू गोव्याला चाललास.

मला एक सांग. आत्तापर्यंत जिथून जिथून निघालास, तिथं काय गुलाबी झालं होतं?

रागानं लिहीत नाही. थोडं रागानंच लिहीत आहे. पण सर म्हणतात चढाईला गेलेल्या गड्यानं पकड दिसली की मागं फिरायचं हे बरोबर, पण घाबरून कबड्डी कबड्डी म्हणायचं थांबला तर तो पकड न होताच बाद. तू पकड व्हायच्या आधीच बाद होतोस दरवेळी.

गोव्याला जायचं तर जा. मी काही दोरीनं बांधणार नाही. जायच्या आधी बारा शर्ट पाठव. गुलाबी. निळे सरांनी अजून धुवायला टाकले नाहीत, मी त्यांना तुझं पत्र दाखवलेलं नाही.

आता नमस्कार. शि. सा.

चिंगी


लोणावळा
७ सप्टेंबर २०२५

चि. चिंगीस,
खाली मान घालून आशीर्वाद. वि. वि. की,

३१ तारखेला सकाळी मी पिशवी घेऊन दुकानाची किल्ली द्यायला गेलो. दत्ताचा टेम्पो बाहेर चालूच होता. सारिका वहिनींनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, तुझं पत्र काल आलंय, तू दुकानात नव्हतास. मी उभ्यानं वाचलं. दत्ता हॉर्न मारायला लागला. मी बाहेर जाऊन त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब. त्यानं विचारलं, काय झालं, मी म्हटलं, बहिणीचं पत्र आहे. तो म्हणाला, तुझी बहीण काय कलेक्टर लागून गेली का? मी म्हटलं, चढाईला असते. त्यानं आणखी दोनदा हॉर्न मारला आणि गेला. माझी चप्पल टेम्पोतच राहिली. ती गोव्याला पोचली असेल.

शर्ट तयार आहेत. आता गंमत ऐक. सात गुलाबी होते आणि उरलेले कोरे. कोऱ्यांवर तीच पांढरी अक्षरं लावायची तर ती पांढरीच दिसणार, म्हणजे अर्धा संघ गुलाबी, अर्धा पांढरा. मग मी मुद्दाम जास्त ताप दिला. पंधराच्या जागी तीस मोजले, वर पुन्हा एकदा दाबले, आणि पिशवी पत्र्याजवळ ठेवून रोज सकाळी उघडून बघत राहिलो, कोंबडीखालची अंडी बघावीत तसं. तिसऱ्या दिवशी रंग चढला. शेठ म्हणाला, माझ्याकडं काम बिघडवणारे लय आले, पण बिघाड शिकून घेऊन तोच हुबेहूब पुन्हा करणारा तू पहिला. रंगाचं विचारलं होतं ना संगीतानं, टिकलीसारखाही नाही आणि डाळिंबासारखाही नाही. पेरूच्या गरासारखा आहे, आतून लाल निघतो त्या पेरूच्या.

हे पत्र आणि शर्ट अतुलच्या दुधाच्या गाडीतून देतोय. तो रोज सकाळी तुमच्या बाजूला येतो, उद्या सरांच्या हातात देईल. अतुल म्हणाला, पुढं सीट मोकळी आहे, तूही चल की, बहिणीच्या हातात दे. मी म्हटलं, नवरात्राची ऑर्डर आहे. ऑर्डर आहेच, पण तुला खोटं कशाला लिहू, ती दुपारची होती.

तीन वर्षांत काहीतरी होऊन येईन म्हणून निघालो होतो. बारा गुलाबी शर्ट झाले. एवढं घेऊन आबांच्या आणि तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस अजून होत नाही. १२ ला जमलं तर मागं कुठंतरी उभा राहीन. बसायची जागा धरू नको.

जोरात खेळ. लोभ शर्टाबरोबर पाठवलाय, वेगळा बांधलेला नाही.

तुझा,
दादा


आश्रमशाळा
१५ सप्टेंबर २०२५

ति. कान्हूदादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू आला नव्हतास. मी मागं उभे असलेलेही बघितले. चढाई करताना बघायचं नसतं, तरी बघितलं.

शर्ट सोमवारीच पोचले. अकरा शर्ट अकराजणींना असे बसले की सर म्हणाले, हा सुतळीवरनं माप घेतो? याला शिंपी करा. अंबू कोंबडा घालून झोपली. वडगावला इतर शाळांच्या मुली येऊन विचारत होत्या की हा गुलाबी रंग कुठं मिळतो. संगीतानं सांगितलं, खास करून घ्यावा लागतो.

बारावा शर्ट माझा. पिशवीत सगळ्यांत खाली होता. मागं माझं नाव, खाली तू न सांगता लावलेलं चाफ्याचं फूल. दादा, तो माझ्या डोक्यातून खाली उतरला नाही. ओढून उतरवला तर बेंबीच्या वर राहिला आणि हात वर होईनात. संगीताला वाटलं हा चुकून आला, कुणा लहान मुलीचा. अंबू हसायला लागली, मग मीही हसले. सरांनी शर्ट हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि कपाटातून एक निळा काढून दिला. धुतलेला नव्हता.

पहिली मॅच आम्ही जिंकलो. मी नऊ गुण आणले. दुसरीत मी निळ्याला कमरेशी गाठ मारली होती, ती शेवटच्या चढाईत सुटली आणि त्या पोरींच्या हातात शर्टाचा घोळ आला. कपडा धरला तर फाऊल असतं, पण पंचांना दिसलं नाही. तीन गुणांनी हरलो. शर्टामुळं हरलो असं मी म्हणत नाही. संगीता म्हणते, मी नाही.

घरी, म्हणजे शाळेत, आल्यावर मी तो लहान शर्ट पलंगावर पसरून बसले होते. आधी वाईट वाटलं. मग मला कळलं की तुझ्या डोक्यात मी किती आहे. एवढीच आहे. सहावीतली. तुझ्या खांद्यावर बसणारी. तू अंदाजानं नाही केलास तो शर्ट, तुला बरोबर आठवतंय, तू फक्त तिथंच थांबलास. दादा, मी आता सरांच्या कानापर्यंत येते. मला मागच्या वर्षीपासून चष्मा आहे. खेळताना त्याला मागून रबर बांधते. केस कापले. आवाज आबांसारखा घोगरा झालाय, सगळ्या म्हणतात. तू वडगावला आला असतास तरी ओळखलं नसतंस, हे मला आज वाटतंय आणि त्याचंच जास्त वाटतंय.

काहीतरी होऊन येणार होतास म्हणालास. मी काय तुझी परीक्षा घेणार होते? मला फक्त माझा दादा कसा दिसतो ते बघायचं होतं.

आता ये म्हणणार नाही. तीन वर्षं म्हटलं, तोंड दुखलं. माझं मापही कळवणार नाही, कितीदा कळवू, ते दर सहा महिन्यांनी बदलतं.

नोकरी सांभाळ. सारिका वहिनींना माझा नमस्कार सांग. लोभ आहे, तो काही जात नाही, हीच अडचण आहे.

तुझी,
चिंगी


आश्रमशाळेच्या फाटकाबाहेर
१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, दुपार

चिंगे,
आशीर्वाद नंतर, आधी वि. वि. की,

मी बाहेर आहे.

पत्र काल मिळालं. आज सकाळी शेठला सांगितलं, जातो. शेठनं विचारलं, गोव्याला? मी म्हटलं, कामशेतला. त्यानं आणि वहिनींनी एकमेकांकडं बघितलं आणि वहिनींनी डबा बांधून दिला. कामशेतला उतरलो, पुढं टमटम, ती नाणे गावापर्यंतच आली, पुढं चालत. वाटेत दोन ठिकाणी थांबलो, एका ठिकाणी खेकडे होते म्हणून आणि एका ठिकाणी भीती वाटली म्हणून.

हितं फाटकावर भिमाजी आबा आहेत, तुमचे पहारेकरी. म्हणाले, भेटीचा वार रविवार, आज शुक्रवार, आत सोडता येत न्हाई. मी म्हटलं, मी भाऊ आहे. म्हणाले, सगळेच कुणाचे ना कुणाचे भाऊ असत्यात. मी लय बोललो, तुला माहीत आहे मी किती बोलतो. शेवटी म्हणाले, माणूस आत जायचा न्हाई, चिठ्ठी जाईल. म्हणून ही चिठ्ठी. कागद व्हिनाईलच्या मागचा आहे, खिशात तोच होता. अक्षर घसरतंय, सांभाळून घे.

मघाशी तारेच्या कुंपणातून मैदान दिसत होतं. तुमचा सराव चालू होता. मी आधी लहान पोरी बघत होतो. एकेकीचं तोंड बघून झालं, तू कुठंच नव्हतीस, मला वाटलं आजारी आहे की काय. मधे एक उंच पोरगी चढाईला आली, चष्मेवाली, तिच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. मग तिनं कबड्डी कबड्डी सुरू केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अगदी आपले आबा. आबा बैलांना हाकारतात तसा आवाज. मग मी तारेला धरून बघत बसलो. तू दोघींना हात लावून परत गेलीस. तू नीट खेळतेस गं. सर खोटं बोलत नव्हते.

मी हाक मारणार होतो, पण सराव मोडला असता. आणि तोंडातून आवाजही निघाला नसता, ते एक आहेच.

भिमाजी आबा म्हणतात, आता घरी जा आणि रविवारी सकाळी ये, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. त्यांचं बरोबर आहे. पण मी त्यांना सांगितलं, आबा, मला मी चांगला माहीत आहे. आता हितून गेलो तर रविवारी येईनच असं मी स्वतःच्या तोंडानं सांगू शकत न्हाई. वाटेत काहीतरी दिसेल. म्हणून मी जातच न्हाई. त्यांनी खोलीतलं एक पोतं आणून बाकड्यावर टाकलं आणि म्हणाले, बस मग.

तर मी बसलोय. फाटकाच्या डाव्या बाजूला. रविवारपर्यंत हितंच असेन. मधेच बघावंसं वाटलं तर कुंपणाशी येऊन बघून जा, मी ओळखीन आता.

तुझा,
कान्हूदादा